ज्यूरीचा कौल आणि आपला आक्षेप

सन 1959 मध्ये मुंबईच्या सेशन्स कोर्टात नऊ ज्यूररांपैकी आठांनी कमांडर नानावटी यांना प्रेम आहुजा यांच्या खुनाच्या आरोपात निर्दोष ठरविले, तेव्हा वर्तमानपत्री गिल्ल्याने भारावलेल्या या सामान्य गृहस्थांनी न्यायाची विटंबना केली आणि ज्यूरीपद्धतीने आपल्याच पायांवर धोंडा पाडून घेतला, असा जो आक्षेप आजही घेतला जातो, तो चटकदार असला तरी दप्तराशी जुळत नाही. ज्यूरी रद्द करावी ही शिफारस विधी आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालातच केली होती. प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या 27 एप्रिल 1959 रोजी. कारण कार्याच्या आधी असावे लागते, एवढे तरी आक्षेपकांस मान्य असावे.

'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीची बाजू उघडपणे उचलून धरली होती, हे मी नाकारीत नाही. परंतु कौल ज्यूरीच्या मुखातून बाहेर पडत असला, तरी त्याची घडण न्यायाधीशांच्या समजावणीच्या भाषणात होत असते. आणि गोळ्या अपघाताने सुटल्या या बचावाच्या कायदेशीर अटी कोणत्या व त्या शाबीत करण्याचा भार कोणावर, याविषयी त्या भाषणाने ज्यूरीची दिशाभूल झाली, असा निष्कर्ष पुढे हायकोर्टानेच काढला. खोटे माप हाती देऊन मोजणाऱ्यालाच लबाड ठरविण्याचा हा प्रकार आहे.

ज्यूरी कारणे देत नाही, हे खरेच. म्हणून कायद्याने तिला निरंकुश सोडले होते काय? तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 307 व्या कलमान्वये न्यायाधीश मेहता यांनी कौलाशी आपली असहमती सकारण नमूद करून प्रकरण हायकोर्टाकडे पाठविले, हायकोर्टाने 1960 मध्ये जन्मठेप दिली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. (नंतरची क्षमा ही राज्यपालांची करणी, तिचे खापर ज्यूरीच्या माथी कशाला?)

ज्यूरीवर आक्षेप घ्यावयाचाच, तर तो 1908 च्या टिळक खटल्यावरून घ्यावा. 'केसरी'च्या मराठी लेखांतील राजद्रोह इंग्रजी भाषांतरांवरून ताडणारे सात युरोपियन एकीकडे आणि दोन पारशी गृहस्थ दुसरीकडे, असा कौल रात्री आला. न्यायमूर्ती दावर यांनी तो स्वीकारला, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. आणि कौल ऐकूनही आपण निर्दोषच आहोत, असे टिळकांनी त्याच इजलासात सांगितले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप करून तो कौल आपणांस मान्य नसल्याचे दाखविले. येथे दोष सामान्य माणसांनी निवाडा करण्यात नव्हता, तर आरोपीच्या भाषेचा व समाजाचा गंध नसलेल्या माणसांचे बहुमत जमवून बसविण्यात होता. आणि ते दोन विरोधी अभिप्राय दप्तरी राहिले, तेही ज्यूरीमुळेच.

सामान्य गृहस्थांस वस्तुस्थितीचा निर्णय झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी, 1936 च्या कायद्यान्वये पारशी विवाहाच्या दाव्यांत त्या समाजातील, ज्यूरीप्रमाणेच बसणाऱ्या डेलिगेटांनी बहुमताने द्यावयाच्या निर्णयाची वाट काय लावावी, हेही एकदा सांगून टाकावे.