सारथ्य कोणाकडे?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मार्च २००४ मध्ये मोहावीच्या वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या मोटारींची शर्यत घेतली, तेव्हा एकही मोटार अंतिम रेषेपर्यंत पोहोचली नाही. पुढच्याच वर्षी पाच मोटारींनी २१२ किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला. २००९ मध्ये गुगलने हे कार्य हाती घेतले आणि २०२० मध्ये त्यातून जन्मलेल्या वेमो कंपनीच्या चालकरहित टॅक्सी फिनिक्स परिसरात सर्वसामान्यांसाठी धावू लागल्या. या प्रवासाला रक्ताचा डागही आहे. २०१८ मध्ये टेम्पी येथे चाचणीतील अशाच मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा बळी घेतला.

भारताने या यंत्राचे काय करावे? चालकांचा रोजगार हिरावणाऱ्या मोटारी देशात येऊ देणार नाही, असे नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये ठामपणे सांगितले. ही भूमिका योग्यच आहे. उद्योगाच्या श्रमिकीकरणाचा आग्रह धरणाऱ्या दत्तोपंत ठेंगडी यांच्या विचाराशी ती सुसंगत आहे. ज्या चालकाच्या मिळकतीवर अख्खे घर चालते, त्याला घरी बसवणारी प्रगती कोणाची?

परंतु केवळ नकार म्हणजे धोरण नव्हे. २०२२ या एकाच वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चालकही होतेच. तेव्हा यंत्राची दृष्टी घ्यावी आणि सुकाणू माणसाच्या हाती ठेवावे, हाच विवेकाचा मार्ग होय. नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पाने ही दिशा दाखवली. शहर बसमध्ये बसवलेली उपकरणे धडकेचा धोका चालकाला आधीच सांगू लागली आणि अशा सूचनांच्या नोंदींवरून रस्त्यावरील धोक्याच्या जागा अपघातापूर्वीच हेरता येऊ लागल्या.

अशी उपकरणे आयात करून मात्र भागणार नाही. परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावच्या रस्त्यावर कापसाने लादलेली बैलगाडी, मागे दिवा नसलेली ट्रॉली आणि शेळ्यांचा कळप एकाच वेळी समोर येतो. परदेशी रस्त्यांवर शिकलेल्या यंत्राला तो कसा उमगावा? हैदराबादच्या आयआयआयटीने भारतीय रस्त्यांची दृश्ये संकलित करून या कामाचा पाया घातला आहे. त्यावर इमारत उभारणे, हे आपल्या अभियंत्यांचे आणि विद्यापीठांचे कर्तव्य आहे. आपल्या रस्त्यांचे ज्ञान परक्यांच्या हाती गेले, तर उद्या तेच आपल्याला विकत घ्यावे लागेल.

पार्थाच्या रथाचे सारथ्य प्रत्यक्ष भगवंताने केले, ही आपली परंपरा आहे. सारथी हा केवळ लगाम धरणारा नसतो. रथातल्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर असते. ती जबाबदारी यंत्रावर सोपवता येत नाही. यंत्र सारथ्याचे सहायक व्हावे आणि ते स्वदेशी असावे.