प्रशिक्षणवर्गातला मागच्या बाकावरचा कामगार

विभागीय परीक्षेचा निकाल लागला की कार्यालयातील फलकाभोवती गर्दी जमते. ज्यांची नावे लागतात त्यांचे पेढे वाटून होतात. ज्यांची लागत नाहीत ते मुकाट्याने ड्युटीवर जातात. त्यांच्याबद्दल प्रशासनाचे मत ठरलेले असते : अभ्यास केला नाही. खेदाची गोष्ट ही, की आपल्या शाखांतूनही पुष्कळदा हेच ऐकू येते. आम्हाला हे मत मान्य नाही.

भुसावळचे रेल्वे प्रशिक्षण घ्या, बडोद्याचे डाक प्रशिक्षण घ्या, की देशातील दुसरे कोणतेही केंद्र घ्या. वर्गात पहिल्या बाकावर भरती परीक्षेतून आलेला तरुण अभियांत्रिकी पदवीधर असतो. त्याच्या मागे वीस वर्षे रुळांवर घालवलेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेला ट्रॅक मेन्टेनर, म्हणजे आपला गँगमन. तान्हे मूल सासूपाशी ठेवून वसतिगृहात राहायला आलेली भगिनी त्याच वर्गात, आणि एका कानाने कमी ऐकू येणारा जुना सहकारीही तिथेच. चौघांना पुस्तक एक, भाषा एक, दिवस तेवढेच आणि शेवटी प्रश्नपत्रिकाही एकच. याला समान संधी म्हणतात!

भाषेचेच पाहा. रेल्वे भरती मंडळाची ग्रुप डी ची परीक्षा मराठीसह १५ भाषांत देता येते. आत आल्यावर मात्र शिकवणे आणि बढतीची परीक्षा बहुधा इंग्रजीत वा हिंदीत. दारावर मातृभाषा चालते, जिना चढताना चालत नाही, हा कुठला न्याय? ही केवळ मराठीची कैफियत नव्हे. मुंबईत काम करणारा तेलुगू भाषिक आणि सिकंदराबादेत काम करणारा आपला मराठी बांधव एकाच होडीत बसलेले आहेत.

चावीवाला रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी चालून तपासतो. सैल चावी, उखडलेली खडी, तडा गेलेली फिशप्लेट त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याला वर्गात ‘व्याख्या लिहा’ म्हटले की पेन अडते. तो अडाणी आहे म्हणून नव्हे. त्याचे ज्ञान हातात आहे आणि परीक्षा फक्त कागदावरचे मोजते. चांगला प्रशिक्षक असा वर्ग आधी रुळावर नेतो, त्याच्या तोंडून काम वदवून घेतो आणि मग पुस्तकातला नियम त्याला जोडून दाखवतो. असे प्रशिक्षक आहेत, आम्हाला ते ठाऊक आहेत. पण ते स्वतःच्या हौसेने करतात, अभ्यासक्रमात त्याला जागा नाही.

सर्वांत बिकट अवस्था वैद्यकीयदृष्ट्या डिकॅटेगराइज झालेल्या बांधवांची. पंचविशी-तिशी गाडी चालवण्यात गेली, नजर कमी झाली आणि इंजिनावरून खाली उतरावे लागले. नोकरी जात नाही. १९९५ च्या अपंग कायद्याच्या ४७ व्या कलमाने आणि आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमाने ते संरक्षण दिले आहे. पर्यायी जागाही मिळते. पण त्या जागेचे काम शिकवायचे कोणी? पन्नाशीच्या माणसाला संगणकासमोर बसवतात आणि शेजारच्या पोराला सांगतात, ‘जरा दाखव यांना’. ज्याने मध्यरात्रीच्या पावसात सिग्नल ओळखून शेकडो प्रवासी सुखरूप पोहोचवले, त्याने टंकलेखनासाठी पोराची मनधरणी करायची. मोठ्या अक्षरांचा पडदा, दोन महिन्यांचा संथ गतीचा वर्ग, सुरुवातीला उद्दिष्टाचा तगादा नाही, एवढे केले तरी हा माणूस निवृत्तीपर्यंत उत्तम काम करील. २०१६ च्या कायद्यात ‘वाजवी सोय’ हा शब्द याच अर्थाने आला आहे. ती सोय म्हणजे उपकार नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट केले. हाताने नीट लिहिता न येणाऱ्या त्या उमेदवाराचा लेखनिकाचा हक्क न्यायालयाने मान्य केला, तोही ४० टक्के अपंगत्वाची अट बाजूला ठेवून.

टपाल खात्यातही चित्र फारसे निराळे नाही. ग्रामीण डाक सेवक दहावी शिकून येतो, त्याचे काम कागदोपत्री चार-पाच तासांचे. २०१७ पासून त्याच्या हाती दर्पणचे यंत्र आले, २०१८ मध्ये पेमेंट्स बँक आली, २०२५ मध्ये सारी संगणक प्रणालीच बदलली. प्रत्येक वेळी शिकणे त्याच्याच अंगावर. २०२२ पासून ‘डाक कर्मयोगी’वर पाठ मोबाइलवर मिळतात, हे चांगलेच, पण जिथे रेंजसाठी टेकडीवर चढावे लागते तिथे पाठ बोटाने पुढे ढकलून प्रमाणपत्र मिळवले जाते. शिकला कोण? प्रमाणपत्रांची संख्या तेवढी वाढली.

पैसा नाही, वेळ नाही, हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर दहावी न झालेल्या हजारो ग्रुप डी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन १८०० च्या ग्रेड पे मध्ये आणले गेले. मनात आणले की होते! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय ठेवली. शिकणाऱ्याच्या सवडीने वर्ग ठेवावा, ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. १९८५ चे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ याच वाटेने आले. आपल्यातील कित्येकांनी तिथून पदवी घेतली. तरीही संपर्कसत्र रविवारी आणि आपली साप्ताहिक सुटी मंगळवारी, अशी गाठ पडली की शिफ्टच्या माणसाने काय करावे? ड्युटी बदलून देण्याचा अधिकार पर्यवेक्षकाच्या मर्जीवर न राहता त्याचे परिपत्रक निघाले पाहिजे.

सवलती द्याल तर दर्जा घसरेल, असे काही अधिकारी म्हणतात. गाडीच्या सुरक्षिततेचा नियम सर्वांना तेवढाच पक्का आला पाहिजे, यात आमचे दुमत नाही. तो ढिला करा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. तो ज्या वाटेने शिकवाल ती वाट मात्र प्रत्येकाची वेगळी असू शकते. साताऱ्याकडच्या सुरेखा यादव १९८९ साली सहायक चालक म्हणून दाखल झाल्या, तेव्हा इंजिनावर स्त्रीची कल्पनाही कुणाला नव्हती. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. दर्जा घसरला काय?

आपल्या शाखांनीही हात झटकून चालणार नाही. पूर्वी युनियनच्या खोलीत संध्याकाळी नियमांचे वाचन होई, एक जण वाचे आणि दहा जण शंका विचारत. नापास झालेल्याला आधी तिथे बसवा, पास झालेल्याला शिकवायला लावा.

आणि आकडे मागा. विभागीय परीक्षेला किती बसले, त्यांत मराठी माध्यमाचे, पंचेचाळिशी ओलांडलेले, दिव्यांग, महिला किती, उत्तीर्ण किती, हे वेगवेगळे मांडलेले आजवर आमच्या पाहण्यात आलेले नाही. येत्या पी.एन.एम. बैठकीच्या आणि टपालातील नियतकालिक बैठकीच्या विषयपत्रिकेत प्रत्येक शाखेने हा प्रश्न घालावा. प्रशासनाचे लेखी उत्तर येईल ते, आणि उत्तर न आल्यास तसे, फेडरेशनच्या कार्यालयाकडे पाठवावे.