कोड चुकला की दावा अडला: फाईल वाचायची कुणी, माणसाने की यंत्राने?

चंदगडचा रुग्ण बेळगावला, सावंतवाडीचा बांबोळीला, खानापूरचा कोल्हापूरला; सीमाभागात हे रोजचंच. डॉक्टर उपचार करून मोकळे होतात, पण सरकारी योजनेचे पैसे ठरतात कागदावरच्या कोडवरून. फाईल वाचून आजार आणि शस्त्रक्रिया अक्षर-आकड्यांत बसवायचं काम मेडिकल रेकॉर्ड विभागाचं. टाईप-२ मधुमेह म्हणजे ई११. आता हे काम एआय चुटकीसरशी करील, असं सांगत सॉफ्टवेअर विकली जात आहेत.

माणूस चुकतोच. ब्रिटनमधल्या ३२ अभ्यासांचा आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोडिंगची अचूकता साधारण ८३ टक्के निघाली. पण त्यातला खरा मुद्दा वेगळाच आहे. २००२ नंतर तिथे कोडनुसार पैसे द्यायला सुरुवात झाली आणि मुख्य निदानाची अचूकता ७४ वरून ९६ टक्क्यांवर गेली. पैसा अडकला की फाईल नीट वाचली जाते, दुसरं काय!

यंत्राचं काय? न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईमधल्या संशोधकांनी २७ हजारांहून जास्त कोडची वर्णनं देऊन भाषा-मॉडेल्सना नेमका कोड विचारला. २०२४ मध्ये आलेल्या निकालात सर्वांत सरस ठरलेल्या जीपीटी-४ ला आयसीडी-१० चे जेमतेम ३४ टक्के कोड बरोबर सांगता आले. यादी हाताशी न देता घेतलेली परीक्षा होती, हे खरं. नवी साधनं यादीत शोधून उत्तर देतात, त्यामुळे ती सुधारतीलही. ब्रिटनच्या आकड्यांशी थेट तुलना करणंही बरोबर नाही.

पण आपल्याकडचं दुखणं त्याच्याही आधीचं आहे. कॅज्युअल्टीत घाईत 'आरटीए' लिहिलं जातं. म्हणजे रस्ते अपघात. पण मूत्रपिंडाच्या एका विकाराचंही संक्षिप्त रूप तेच. हाडांच्या वॉर्डातली फाईल आहे हे बघून अनुभवी कर्मचारी गोंधळत नाही. संदर्भ नीट न मिळाल्यास यंत्र गोंधळू शकतं, आणि तेही अगदी ठाम भाषेत. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'हृदयक्रिया बंद पडली' लिहिलं असेल, तर मूळ कारण दोघांनाही सापडणार नाही.

म्हणून कोड यंत्राने सुचवावा, सही प्रशिक्षित माणसाने करावी, आणि दर महिन्याला काही फायली तिसऱ्याने तपासाव्यात. खर्च येईल. पण दावे अडकत गेले की रुग्णालयं योजनेतून अंग काढून घेतात आणि रुग्णाला खिशात हात घालावा लागतो.

सीमाभागात गुंता आणखी वाढतो. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना कर्नाटकातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. कर्नाटकाची योजना वेगळी, गोव्याची वेगळी. अशा गावातल्या माणसाचा दावा चुकीच्या कोडवरून फेटाळला गेला, तर दुरुस्तीचा अर्ज नेमका कुठल्या टेबलावर द्यायचा, हे रुग्णालयाच्या दारातच मराठीत लिहून लावायला काय हरकत आहे?