अंगण खरेच वाकडे असेल तर?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात पिस्तुलावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. कविता नाही, प्रवासवर्णन नाही, एकदम पिस्तूल! पण जिमखान्याच्या नेमबाजी विभागात गेली दोन वर्षे जे पाहतो आहे, त्याविषयी कुठेतरी बोलले पाहिजे.

आपल्याकडे दोन एअर पिस्तुले आहेत. दोन्हींची मूठ मध्यम मापाची आणि उजव्या हाताची. नवा विद्यार्थी आला की यातले एक त्याच्या हाती देतात आणि पंधरा दिवसांत निकाल लागतो : याला जमेल, हिला जमणार नाही. ‘जमणार नाही’च्या यादीत मुली अधिक आणि डावखुरे जवळजवळ सगळेच. कुणी कुरकुर केलीच तर ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण तयार असते. माझे म्हणणे एवढेच, की कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. ते आधी पाहावे.

एअर पिस्तूल एकाच हाताने, हात लांब करून धरायचे असते. दहा मीटरवरच्या निशाणातले दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे, शर्टाच्या बटणाएवढे. मागच्या साइटच्या खाचेपासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर साधारण 350 मिलिमीटर धरले, तर पुढची साइट खाचेत अवघी 0.2 मिलिमीटर बाजूला सरकली तरी छर्रा सुमारे 5.7 मिलिमीटर सरकतो. म्हणजे वर्तुळाच्या मध्यावरून थेट त्याच्या काठावर. आता ही साइट सरकते कशाने? हात हलतो, हे खरेच. पण पुष्कळदा तिला सरकवते ते चापावरचे बोट. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर बसावा आणि चाप सरळ मागे यावा, एवढीच अपेक्षा असते. मूठ मोठी असली की लहान हाताचे बोट चापापर्यंत जेमतेम पोचते; टोकाने ओढताना चाप बाजूला ढकलला जातो. बोट पोचावे म्हणून ती मुलगी हात मुठीभोवती फिरवून धरते, मग नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत राहत नाहीत आणि मनगट सारखे वळवावे लागते. मोठ्या हाताचे उलट. बोट फार आत जाते आणि चाप सांध्याशी अडकतो. बोलणी दोघेही खातात.

मूठ आपली की परकी हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. डोळे मिटावेत, हात नेहमीसारखा उचलावा, मग डोळे उघडावेत. पुढची साइट खाचेच्या मध्यात किंवा जवळपास दिसली तर ठीक. दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल, तर दोष मुठीत आहे किंवा ती धरण्यात आहे. शोध तिथून सुरू करावा. या परीक्षेला खर्च शून्य!

स्पर्धेच्या पिस्तुलांच्या लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातांसाठी वेगवेगळ्या मिळतात. तळहाताखालची आडवी पट्टी वरखाली करता येते. जाणकार नेमबाज कानशीने लाकूड घासतात, कमी पडेल तिथे लाकडाची लुकण भरतात. नियमांना हे मान्य आहे. मनगट मोकळे राहावे, पिस्तुलाचे वजन 1500 ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि चापाने किमान 500 ग्रॅम वजन उचलावे, अशा मर्यादा आहेत. तेव्हा याला लाड म्हणण्याचे कारण नाही. आठवडी बाजारात खुरपे घेणारी बाईसुद्धा ते मुठीत धरून, मनगट फिरवून पाहते. तिला कुणी नखरेल म्हणत नाही.

जिद्दीचा दाखला म्हणून हंगेरीच्या कारोली ताकाचची गोष्ट नेहमी सांगितली जाते. 1938 साली हातबॉम्बच्या स्फोटात त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सराव केला आणि 1948 व 1952 च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्णपदके मिळवली. जिद्द थोरच. पण मला त्या गोष्टीत आणखी एक दिसते. त्याने नेम धरायचा हातच बदलला. डावखुऱ्याला उजवी मूठ देऊन जिद्दीचे धडे देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे. आणि मुलींच्या हाताला पिस्तूल पेलत नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी कोल्हापूरची राही सरनोबत आहे. 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिने 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले. या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

मूठ नेमबाज घडवत नाही, हे मान्य. दर आठवड्याला कानस घेऊन बसणारे वीरही मी पाहिले आहेत. त्यांनी लाकूड कमी घासावे आणि सराव जास्त करावा. विजेत्याच्या हातात अमुक कंपनीचे पिस्तूल दिसले म्हणून तेच हवे, हा हट्टही तितकाच पोकळ. त्या विजेत्याचा हात आपल्याला मिळत नाही.

जिमखान्याच्या यंदाच्या खरेदीच्या यादीत तिसरे एअर पिस्तूल आहे, तेही मध्यम मुठीचे. त्याऐवजी आहेत त्या दोन पिस्तुलांना बसणारी एक लहान आणि एक डाव्या हाताची मूठ घ्यावी, असे मी लेखी कळवले आहे. ‘जमणार नाही’ म्हणून परत गेलेल्या सहा जणांपैकी चौघे अजून महाविद्यालयातच आहेत. मुठी आल्या की त्यांना एकदा पुन्हा बोलवावे.