कांगोच्या राजाची फिर्याद

पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो कांव 1483 सालीं कांगो नदीच्या मुखाशीं उतरला, तेव्हां त्या देशांत राजा होता, सुभे होते, आणि शिंपल्यांचें नाणेंही चालत होतें. तेव्हां रानटी लोकांस आपण माणसांत आणलें, ही गोऱ्यांची बढाई आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

1491 मध्यें पाद्री, गवंडी व सुतार आले. राजा न्झिंगा अ न्कुवू यानें बाप्तिस्मा घेऊन पोर्तुगालच्या राजाचें जुवांव हें नांव धारण केलें. एकीहून अधिक बायका नकोत, या अटीपाशीं त्याचा उत्साह मावळला म्हणतात! त्याचा मुलगा अफोन्सो मात्र मनापासून ख्रिस्ती. 1509 च्या सुमारास गादीवर येऊन त्यानें शाळा काढल्या, आपला मुलगा हेन्रिक यास पोर्तुगालला शिकावयास धाडलें. तो 1518 मध्यें बिशप झाला.

विद्येची एवढी तळमळ असणाऱ्या राजाच्या पदरीं काय पडलें? साओ तोमे बेटावरील उसाच्या मळ्यांस माणसें हवीं होतीं. ज्या मानुएल राजाच्या कारकीर्दींत 1510 मध्यें गोवें घेतलें गेलें, त्यालाच अफोन्सोनें 1514 सालीं कळविलें कीं, येथें आलेले पाद्रीच गुलाम खरेदी करीत आहेत. पुढें 1526 मध्यें तिसऱ्या जुवांव राजास त्यानें पुन्हां लिहिलें: व्यापारी आमची रयत, सरदारांचीं मुलें, आमचे आप्तदेखील पळवितात, देश ओस पडत आहे, आम्हांस पाद्री व शिक्षक द्या, पूजेपुरता द्राक्षारस व पीठ द्या, बाकी माल नको. आणखी एका पत्रांत त्यानें वैद्य मागितले.

हें वाचून मन पिळवटतें. पण राजाची कड घेऊन आम्ही सत्य झांकणार नाहीं. लढाईंतील कैदी अफोन्सो स्वतः विकीत असे. आपल्या प्रजेस हात लागला, तेव्हां त्यास दुःख झालें. शेजाऱ्याचा मुलगा ज्या तराजूंत घातला, त्याच तराजूंत आपलाही जाईल, हें त्यास आधीं कां सुचूं नये? विकला जाणारा मनुष्य खरा कैदी आहे कीं चोरून आणलेला आहे, हें तपासण्यास त्यानें त्याच वर्षीं तीन अधिकारी नेमले. म्हणजे बाजार बंद केला नाहीं, बाजारावर कारकून बसविले!

व्यापार अर्थातच चालूच राहिला. त्याची राजधानी एम्बांझा कांगो 2017 सालीं जागतिक वारशाच्या यादींत आली, व तेथील जुन्या गिरजाघराच्या पडक्या भिंती पाहावयास लोक जातात. अफोन्सोचीं पत्रें मात्र लिस्बनच्या दफ्तरखान्यांत आहेत.