इसार घेतल्याशिवाय काम नको

साप्ताहिक सदर : कामधंदा

“पयले काम करून दाखव, मंग पैशाचं पाहू.” पांढुर्णा आणि सौसरमध्ये कॅमेरा, कॉम्प्युटर किंवा लेखणीच्या भरवशावर स्वतःचं काम सुरू करणाऱ्या बहुतेक पोरापोरींना हे वाक्य ऐकावं लागतं. म्हणणारा सहसा परका नसतो. ओळखीचा दुकानदार, मंडळाचा अध्यक्ष, नात्यातला मामा, नाहीतर नागपूरचा स्टुडिओवाला. त्याच्या मनात खोट असतेच असं नाही. ‘अनुभव मिळेल, चार लोकांत नाव होईल’ हे तो मनापासूनही म्हणत असेल. तरी नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे. ज्या कामातून समोरचा कमावणार आहे, किंवा ज्या कार्यात त्याने बाकी सगळ्यांना पैसे मोजले आहेत, तिथे फुकट राबू नका.

लग्नाचंच बघा. मंडपवाल्याला इसार दिला जातो, आचाऱ्याला दिला जातो, बँडवाल्याला आणि घोडीवाल्यालाही दिला जातो. तिथे कोणी ‘आधी वाजवून दाखव’ म्हणत नाही. नव्या फोटोग्राफरला मात्र ‘घरचंच काम समज’ म्हणून बोलावतात. तो सकाळी हळदीला येतो आणि पाठवणी होईपर्यंत उभा असतो. जेवायला त्याला सगळ्यात शेवटी हाक मारतात. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला, लाइट भाड्याने आणलेला, पेट्रोल खिशातलं. घरी गेल्यावर खरं काम सुरू होतं. हजार-दोन हजार फोटोंतून डोळे मिटलेले, हललेले वेगळे काढायचे, रंग सारखे करायचे, नवरीकडच्यांचे आणि नवरदेवाकडच्यांचे वेगळे पाठवायचे. चार-पाच रात्री त्यातच जातात. एवढं करून हाती काय, तर ‘पुढच्या लगनाला तुलेच बोलवू.’ पुढच्या लग्नाला बोलावणं येतंही, आणि भाव तोच असतो. पहिल्यांदा फुकट केलेल्या कामाचे दुसऱ्यांदा पैसे मागितले, तर माणूस हावरा ठरतो.

जुनी मंडळी यावर म्हणतात, आम्हीही उस्तादाच्या हाताखाली फुकटच शिकलो. खरं आहे. पण त्या शागिर्दीचा व्यवहार वेगळा होता. कॅमेरा उस्तादाचा, रोल उस्तादाचा, डार्करूम उस्तादाची. पोराच्या हातून फिल्म वाया गेली तर नुकसान उस्ताद सोसायचा, आणि चूक कुठे झाली तेही शेजारी उभा राहून सांगायचा. आजच्या ‘अनुभवा’त शिकवणारा कोणी नसतोच. साहित्य पोराचं, खर्च पोराचा, जोखीमही पोराची. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे १०० किलोमीटर. तिथल्या स्टुडिओच्या ‘ट्रायल’ला स्वखर्चाने जाऊन दिवसभर शूटिंग करायचं, मालकाने ते गिऱ्हाइकाला विकायचं. अशा कामात पोराच्या घरातून पैसा बाहेर जातो. त्याला शिक्षण म्हणणं मला मान्य नाही.

आपल्या भागात माल दाखवायची रीत चांगली रुजलेली आहे. संत्र्याचा व्यापारी बगीच्यात आला की त्याला दोन फळं सोलून चाखायला देतात. आंबिया बहार असो की मृगाचा, चव पटली की सौदा होतो, इसार हातात पडतो आणि मग तोडणी लागते. ‘या वर्षी बहार फुकट न्या, पुढच्या वर्षी भाव ठरवू’ असं कोणता बागाईतदार म्हणेल? कामाचा नमुनाही तसाच दोन फळांएवढा असावा.

शिकाऊ माणसाला पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न कायद्याने आणि सरकारने कधीच निकालात काढला आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन देणं बंधनकारक आहे. आपल्याच मध्य प्रदेश सरकारने २०२३ मध्ये ‘मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना’ आणली. त्यात बारावी झालेल्याला महिन्याला ८,००० रुपये, आयटीआयवाल्याला ८,५००, पदविकाधारकाला ९,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरले. त्यातला ७५ टक्के वाटा सरकारचा, बाकीचा काम देणाऱ्याचा. ज्युनियरने बिनपैशाने राबायचं, ही वकिलीतली जुनी रीत. तिथेही बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत, अशी शिफारस केली. शिकता शिकता कमावणं हे आता सरकारी धोरणच आहे. स्वतंत्र काम करणारा कोणाच्या हजेरीपटावर नसतो, म्हणून त्याच्या पदरात यातलं काही पडत नाही. त्याला आपला नियम आपणच घालून घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त फसगत मला तहसीलच्या वार्ताहरांची वाटते. हातात ओळखपत्र, गळ्यात पट्टा, पगार नाही. जाहिरात आणली तर कमिशन. ज्याच्या बातमीमागे हिंडायचं, त्याच माणसाकडे जाहिरात मागायची, यात बातमीचाही बळी जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव या दोन्ही तीरांवरून दगड सुटत असतात, दरवर्षी कितीतरी लोक जखमी होतात, आणि त्या गर्दीत आपली पोरं मोबाईल धरून उभी असतात. बाहेरच्या वाहिन्यांना ते व्हिडिओ तातडीने हवे असतात. ‘तुझं नाव देऊ’ म्हणून मागतात. एका नावासाठी दगडांच्या माऱ्यात उभं राहायला सांगणं मला अमानुष वाटतं. त्या व्हिडिओचा मोबदला आधी ठरलाच पाहिजे.

फुकट काम परवडतं कोणाला, हेही बघा. ज्याच्या बापाचं मेन रोडवर दुकान आहे, तो वर्षभर ‘अनुभव’ घेऊ शकतो. संत्रा तोडणीला जाणाऱ्या बाईची मुलगी, बोरगावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागलेल्या माणसाचा मुलगा महिनाभरही थांबू शकत नाही. ती हुशार पोरं धंद्यातून बाहेर पडतात, आणि मागे उरलेल्यांचाही भाव उतरतो. फुकट करणारा एक जण गावात असला, की बाकीच्यांच्या दराला ‘महाग’ म्हणतात.

आपल्या पोरांकडे एक भांडवल असं आहे, की त्याची किंमत त्यांनाच ठाऊक नाही. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण मध्य प्रदेशात राहिलो, त्यामुळे दोन्ही भाषा इथे लहानपणीच जिभेवर बसतात. अनुवाद, उपशीर्षकं, आवाज देणं या कामांना अशी माणसं लागतात. पण ‘नमुना म्हणून दहा पानं करून पाठवा’ असं कोणी म्हटलं, तर सावध व्हा. एक पुस्तक दहा उमेदवारांत वाटून फुकटात उरकणारे लोक आहेत. नमुना एका पानाचा द्या.

मग अनुभव मिळवायचा कसा? आपल्या मनाने, आपल्या विषयावर. जामसावळीच्या हनुमान मंदिरातली शनिवारची गर्दी टिपा, बापाच्या बगीच्यातली तोडणी टिपा, आत्याच्या पापडाच्या धंद्याला लेबल करून द्या. हे काम दाखवायला तुमचं, मालकीही तुमची. पहिल्या गिऱ्हाइकाला सूट द्यायची तर खुशाल द्या, पण बिलावर पूर्ण दर लिहा आणि खाली सूट दाखवा. आणि हे माहीत असू द्या: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. त्याने मोबदला दिलाच नसेल, तर हे कलम त्याच्या कामी येत नाही. ‘उद्यम’ नोंदणी आधारवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असली की २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने पैसे १५ दिवसांत, लेखी मुदत ठरली असेल तरी फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं. नवी कार्यालयं आली की कार्यक्रम, फलक, छपाई, चित्रीकरण वाढतं. ही कामं आपल्याच पोरांना द्या आणि दाम देऊन द्या. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होईल. तुमच्या घरी कार्य असेल, तर ज्या दिवशी मंडपवाल्याच्या हातावर इसार ठेवाल, त्याच दिवशी फोटोवाल्या पोराच्या हातावरही ठेवा. उरलेले पैसे पाठवणीआधी चुकते करा. आणि त्याला पहिल्या पंगतीला बसवा.