निवांत वाटा कोणाच्या?

सुटीच्या दिवशी कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते, हरिहरच्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना अडवून उभे राहतात, हे दृश्य आता महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले आहे. आपल्या सातपुड्यातील तोरणमाळही या ओघातून सुटलेले नाही. शहाद्याहून सुमारे पन्नास किलोमीटरवर, साडेअकराशे मीटर उंचीच्या या पठारावर पावसाळ्यातील रविवारी यशवंत तलाव आणि सीताखाई येथे मोटारींची दाटी होते. शांततेसाठी डोंगर चढून आलेल्या माणसास तेथेही शहरातला बाजारच भेटावा, ही विसंगती कोणालाही जाणवेल.

यावर हल्ली एक सोपा उपाय सुचविला जातो : प्रसिद्ध स्थळे सोडा आणि आडवाटा धरा. हा उपाय अंशतः योग्यही आहे. तलावापासून मैल-दीड मैल पायी गेले की कोलाहल मागे पडतो आणि डोंगर खऱ्या अर्थाने भेटू लागतो. तथापि, हा उपाय दिसतो तितका निर्दोष नाही.

अर्थतज्ज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा वस्तूंचा विचार केला आहे, की ज्यांचा लाभ अधिकाधिक लोकांना मिळू लागला म्हणजे त्यांचे मोलच घटते. धान्याचे वा कापडाचे उत्पादन वाढविता येते. निवांतपणाचे येत नाही. आज दहा जणांना ठाऊक असलेली वाट उद्या हजारांना ठाऊक झाली, की गर्दीने केवळ आपला मुक्काम हलविला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. आपण जिला आडवाट म्हणतो, ती कोणाची तरी रोजची वाट असते. पाड्यावरून आठवड्याच्या बाजाराला, आश्रमशाळेला, झऱ्याला आणि रानात मोह वेचायला याच वाटांनी जावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या लोकसंख्येत दोन तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी आहेत, आणि राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात नंदुरबारचे स्थान तळाचे होते. दिवाळी सरली की अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. हिवाळ्यात पाड्यांवरची जी शांतता सहलीला आलेल्यांना मोहविते, तिच्यात या गेलेल्या माणसांची अनुपस्थितीही मिसळलेली असते.

कोणी म्हणेल, डोंगर सर्वांचे आहेत. तेथे चालण्यास बंधन कशाला? परंतु खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, असा व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही. आजचा प्रवासी स्वतःच्या मोटारीने येतो, खाण्याचे जिन्नस शहरातून बांधून आणतो आणि परतताना रिकाम्या बाटल्या ठेवून जातो. गावाच्या पदरी कचरा पडतो, पैसा पडत नाही.

यावर तोडगा निघू शकतो. साताऱ्याजवळील कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या प्रवेशाची संख्या मर्यादित करण्यात आली आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांच्या समितीला स्थान मिळाले. सामायिक संपत्तीचे रक्षण तिच्यावर जगणारे लोक स्वतःच्या नियमांनी करू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी अभ्यासाने दाखवून दिले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे तर २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला दिलेलाच आहे.

तेव्हा कोणत्या वाटा पाहुण्यांना खुल्या कराव्यात, एका दिवशी किती जण यावेत, वाटाड्याची मजुरी आणि भाकरीचा दर काय असावा, हे ग्रामसभांनी वनविभागाच्या सहकार्याने ठरवावे. काही वाटा बंदच ठेवण्याचा अधिकारही त्यांचा असावा. अस्तंभ्याच्या शिखरावर दिवाळीत हजारो भाविक अश्वत्थाम्याच्या दर्शनाला चढतात. त्या श्रद्धेच्या वाटेची सहलीची वाट करावी की करू नये, हे तेथल्या लोकांनीच सांगावयाचे आहे.

शिक्षकांनी शाळेच्या सहली आणि नोकरदारांनी आपल्या रजा शक्य तेथे रविवार टाळून आखाव्यात, दहा-बारांच्या तुकडीने पायी हिंडावे आणि जेवण पाड्यावर घ्यावे. जिल्हा प्रशासनाने ही व्यवस्था दिवाळीपूर्वी उभी केली, तर ऊसतोडीला निघणाऱ्या निदान काही कुटुंबांना हिवाळाभर आपल्या घरी राहता येईल.